मानेवरची टिकली

गेल्या पाच आठवड्यांत हर्षदानं आपल्या आईला "कसं वाटतंय?" असं एकदाही विचारलं नव्हतं. लेक निष्ठुर होती म्हणून नव्हे. विचारायची गरजच उरली नव्हती म्हणून. तिच्या मोबाइलच्या वरच्या कोपऱ्यात एक आकडा सदैव दिसत असे. चार म्हणजे चार, साडेपाच म्हणजे साडेपाच. आईला किती दुखतंय ते घरबसल्या कळत होतं, आणि खरं सांगायचं तर हर्षदाला त्याचं फार मोठं समाधान होतं.

हे समाधान समजायला तिच्या आईचा, वैजयंता खराडे ह्या बाईंचा, स्वभाव आधी सांगायला हवा. वैजयंताबाईंनी उभी नोकरी कोल्हापूरजवळच्या एका साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत केली. चेअरमनपासून उसाच्या गाडीवानापर्यंत सगळे त्यांना केमिस्टबाईच म्हणत. रसाच्या नमुन्यात दशांशाचा घोळ दिसला तरी त्या नमुना परत मागवायच्या. आकड्याच्या बाबतीत त्यांनी कधी कुणाची भीडभाड ठेवली नाही. पण ही सत्यवादी बाई एका बाबतीत धडधडीत खोटं बोलायची, आणि ती बाब म्हणजे स्वतःचं दुखणं. एकदा उकळता रस सांडून मनगटापर्यंत हात भाजला, तर फडकं गुंडाळून त्यांनी पाळी पूर्ण केली. दाढ काढून आल्या त्याच संध्याकाळी बारा पाहुण्यांच्या पंगतीला वाढायला उभ्या राहिल्या. कुणी विचारलंच तर उत्तर ठरलेलं: "मला काय धाड भरलीय?"

गेल्या वर्षीही हेच झालं. पोटात वरच्या अंगाला दुखायला लागलं, मग पाठीत. "पित्त झालंय," म्हणून आईनं सहा महिने ओवा खाल्ला आणि लिंबूसोडा प्यायली. दर रविवारी हर्षदा पुण्याहून व्हिडिओवर विचारायची, "बरी आहेस ना?" आणि आई म्हणायची, "मला काय धाड भरलीय?" शेवटी डोळे पिवळे झाले तेव्हा शेजारच्या बाईंनी फोन केला. स्वादुपिंडाचा कर्करोग होता, आणि तो यकृतापर्यंत पोचला होता. दुधानं तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. हर्षदानं तर ताक पिणंच सोडून दिलं. आईच्या तोंडच्या शब्दावर ह्यापुढे विश्वास ठेवायचा नाही, हे तिनं मनाशी पक्कं केलं.

औषधांचे दोन प्रयोग झाले. दोन्हींनी आईचे केस गेले आणि भूक गेली, गाठ मात्र जागच्या जागी राहिली. पुढं केस थोडे परत आले, तेवढंच. मग डॉक्टर नेर्लेकरांनी मायलेकींना समोर बसवून सांगितलं, "बाई, आता रोगासाठी औषध द्यायचं नाही. तुमच्यासाठी द्यायचं." आई लगेच म्हणाली, "म्हणजे दोन-तीन महिने." डॉक्टर म्हणाले, "तेवढे धरू नका." आईनं नमुन्याचा निकाल ऐकावा तशी मान हलवली. रडली ती हर्षदा, तेही बाहेर पार्किंगमध्ये जाऊन. आत परत आली ती तोंड धुऊन, आणि "डोळ्यांत काहीतरी गेलं" असं सांगून.

राधानगरी रस्त्याला पाटबंधारे खात्याचं जुनं विश्रामगृह होतं. दहा-बारा वर्षांपूर्वी त्याचं हॉस्पिस झालं, शेवटचे दिवस सुसह्य व्हावेत म्हणून रुग्णांना ठेवायची जागा, पण आजूबाजूचे लोक अजूनही त्याला बंगलाच म्हणत. बारा खोल्या, पुढं मोठा व्हरांडा, मागं उसाची शेतं. आईला तिथं न्यायचं ठरलं. विनाचालक टॅक्सी शहराबाहेर पडली तेव्हा आईनं डोळे मिटूनच विचारलं, "हर्षे, परतीची गाडी बुक केलीस का गं?"

हर्षदानं खिडकीबाहेर बघत "नाही" म्हटलं.

"शहाणी आहेस," आई म्हणाली. "मीबी परत कशाला विचारतो?" कोल्हापूरकडच्या बायका पुरुषांसारखंच 'आलो, गेलो, सांगतो' म्हणतात, आईनंही ती सवय कधी सोडली नव्हती. हर्षदाची पुण्यात सुटली होती.

बंगल्यावर पहिल्याच दिवशी टिकली लावली. तिचं कंपनीचं नाव लांबलचक होतं, पण आकार टिकलीएवढा, म्हणून सगळे टिकलीच म्हणत. ती मानेवर, मणक्याच्या सुरुवातीला चिकटवायची. आईच्या अंगात त्या दिवशी ताप होता, पण चिकित्सकपणा काही गेला नव्हता. तिनं डॉक्टर नेर्लेकरांना विचारलं, "ही मोजती काय नेमकं? आणि शून्य कशावर लावलंय?"

डॉक्टरांना असा पेशंट बऱ्याच दिवसांनी भेटला असावा. ते खुर्ची ओढून बसले. "दुखणं म्हणजे शेवटी मज्जारज्जूतून मेंदूकडे जाणारे विजेचे बारीक संदेश. पूर्वी ते टिपायला सुया आत घालाव्या लागायच्या. आता कातडीवर चिकटवलेला संवेदकसुद्धा आतली वर्दळ टिपतो. अडचण अशी, की खाज, गारठा, स्पर्श, सगळे संदेश त्याच रस्त्यानं जातात. म्हणून टिकली पहिले दोन दिवस नुसती शिकते. नाडी, घाम, श्वास, स्नायूंचा ताण, सगळं त्या वर्दळीशी ताडून बघते. ह्या माणसाचं दुखणं कसं असतं ते तिला समजलं की शून्य ते दहामध्ये आकडा द्यायला लागते."

दुसरी वस्तू म्हणजे कमरेला लावायचा काडेपेटीएवढा पंप. त्याची केसासारखी नळी कातडीखाली जायची. टिकलीचा आकडा ठरवलेल्या मर्यादेच्या वर सहा मिनिटं राहिला, की पंप आपोआप मॉर्फिनच्या जातीचं औषध सोडायचा. कुणाला हाक मारायला नको, कळ सोसत बसायला नको. एकूण औषध किती जाऊ द्यायचं ह्यावर डॉक्टरांचं कुलूप होतं. पण कुठल्या आकड्याला औषध सुरू व्हावं, ती मर्यादा पेशंटनं ठरवायची, नाहीतर पेशंटनं नेमलेल्या माणसानं. "मर्यादा खाली आणली तर दुखणार कमी, पण झोप जास्त," डॉक्टर म्हणाले. "वर ठेवली तर माणूस जागा राहतो, पण सोसावं लागतं. हे ज्यानं त्यानं ठरवायचं."

फॉर्मवर 'नेमलेली व्यक्ती' ह्या रकान्यात हर्षदानं स्वतःचं नाव लिहिलं. तापाच्या ग्लानीत आईनं सही केली. काय लिहिलंय ते न वाचता केमिस्टबाईंनी सही करण्याची ही आयुष्यातली पहिलीच वेळ असेल. मर्यादा सहावर ठेवली.

हर्षदा पुण्याहून रजा घेऊन कोल्हापूरच्या घरी येऊन राहिली होती. रोज दुपारी चारला ती बंगल्यावर जायची. आई खिडकीशी खुर्चीत बसलेली असायची, विरळ केसांवर कंगवा फिरवलेला, अंगावर इस्तरीची सुती साडी, कपाळावर खरी टिकली. चहा घ्यायची, गप्पा मारायची. कारखान्यात कोणत्या मुकादमानं कशी लबाडी केली, शेजारच्या खोलीतल्या आजोबांना भेटायला दोन बायका वेगवेगळ्या वेळी कशा येतात, असल्या गोष्टी तिखटमीठ लावून सांगायची. "आणि तू जेवलीस का? गालफडं बसलीत तुझी," असंही मध्येच विचारायची. हर्षदा "हो" म्हणायची. बहुतेक दिवशी ते खरं नसायचं. सहाला ती निघाली, की वाटेत तिला वाटायचं, आईला ही जागा मानवली.

मग एकदा तिनं त्या आकड्याचा दिवसभराचा आलेख पाहिला.

हर्षदाचा धंदाच आलेख वाचण्याचा होता. राज्यातल्या पुलांना कंप मोजणारे संवेदक लावले होते, आणि पुण्यातल्या ऑफिसात बसून ती त्यांच्या रेघा बघायची. एखाद्या पुलाची रेघ रोज ठरावीक वेळी उचलली जात असेल, तर त्या वेळी कुठलं अवजड वाहन जातं ते शोधायचं, आणि ते वाहन त्या पुलावर बंद करायचं. सोपं होतं. ह्या उपायानं तिनं दोन पूल वाचवले होते, आणि आई सगळ्यांना सांगायची, "माझी पोरगी पुलांची डॉक्टर आहे."

आईची रेघ दिवसभर दोन-तीनवर असायची. दुपारी तीनला ती चढायला लागायची, चारला साडेपाच-सहाला टेकायची, सहापर्यंत तिथंच रेंगाळायची, आणि मग खाली यायची. रोज असंच, आलेखावर जणू उंटाची पाठ उठायची. एका गुरुवारी हर्षदानं फोन करून कळवलं, "आज मी अकराला येते," तर उंटाची पाठ दुपारची सकाळी सरकली. शनिवारी ती मुद्दाम गेलीच नाही. "बँकेत काम आहे," म्हणाली. त्या दिवशी रेघ सपाट होती.

रविवारी सकाळी ती स्वयंपाकघरात त्या तीन आलेखांकडे बघत उभी राहिली. पुलावरून रोज जाणारं अवजड वाहन कोणतं, हे सांगायला आता कुणी तज्ज्ञ नको होता. आपण गेलो की आईला दुखतं. ही गोष्ट कुठल्याही मुलीला सोसायला कठीण आहे. हर्षदा भिंतीला टेकून खाली बसली आणि लहान मुलीसारखी रडली. मग डोळे पुसून उठली आणि जे तिला येत होतं तेच तिनं केलं. मोबाइलवर मर्यादा सहावरून तीनवर आणली, आणि बंगल्यावर कळवलं, की ह्यापुढे मी एक दिवसाआड येईन.

सोमवारी ती गेली तेव्हा आई पलंगावर झोपलेली होती. बुधवारीही. शुक्रवारी दार वाजल्यावर तिनं डोळे अर्धवट उघडले, काहीतरी म्हणाली, पण जीभ जड झालेली. शब्द कळला नाही. हर्षदा उशाशी बसून राहिली. मोबाइलवर आकडा दोन होता. दोन! आजवर आईनं दिलेल्या एकूण एक उत्तरांपेक्षा तो आकडा तिला जास्त भरवशाचा वाटत होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा, अशी तिची गत झाली होती, पण ते तिला सांगणार कोण?

ते काम सिस्टर रुकय्या मुजावरनं केलं. रुकय्या दुपारच्या पाळीला असायची. पन्नाशीची बाई, कमी बोलणारी. शुक्रवारी हर्षदा निघाली तशी ती व्हरांड्यात आडवी आली. "ताई, थोडं बोलू काय? तो आकडा तुम्ही खाली आणलाय नव्हं?"

"हो. तिला फार दुखत होतं, मी आले की. तुमच्या लक्षात नाही आलं?"

"लक्षात न यायला काय झालं? रोज मीच उठवायची की मावशीला." रुकय्यानं पदर खोचला. "अडीच वाजले की सुरू व्हायचं. रुकय्या, कंगवा आण. रुकय्या, ही साडी नको, ती दे. पलंगावरनं खुर्चीपर्यंत चार पावलं, ताई, पण घामाघूम व्हायच्या. वरचा एक डोस आम्ही हातानं देतो, तो दुपारी घ्यायच्याच नाहीत. म्हणायच्या, तो घेतला की जीभ लुळी पडती. माझी पोरगी येणार, तिला काय झोपलेली आई बघायला बोलवायचं?"

"पण तिला दुखत होतं ना," हर्षदा कशीबशी म्हणाली.

"दुखतंच की," रुकय्या म्हणाली. "न दुखायला काय झालं? पण त्या दोन तासांसाठीच बाकीचा दिवस काढायच्या. आता दिवसभर नुसत्या पडून असतात. काल सकाळी जाग आली तेव्हा मला म्हणाल्या, माझं बटण कुणी फिरवलं? मी म्हटलं, तुमच्या लेकीला विचारा. सकाळी आठच्या सुमाराला शुद्धीवर असतात, ताई. उद्या त्या वेळी या."

दुसऱ्या दिवशी आठच्या आधीच हर्षदा खोलीत हजर होती. आई उशीला टेकून बसली होती. केस विस्कटलेले, ओठ सुकलेले, पण डोळे लखलखीत. असे डोळे हर्षदानं शाळेत गणितात नापास झाली तेव्हा पाहिले होते.

"ये," आई म्हणाली. "बस. माझं बटण तुझ्या हातात दिलं कुणी?"

"तूच सही केलीस."

"तापात केलो असणार. तापातल्या माणसाचा नमुना आम्ही ग्राह्य धरत न्हाई." मग हात पुढं करून, "आलेख दाखव," म्हणाली. हर्षदानं दाखवला. आईनं चष्मा लावून तो नीट पाहिला, उंटाची पाठ पाहिली, मान हलवली. "छान उचललास. तुझ्या पुलावर बरोबर चाललं असतं. मला सांग, ब्रिक्स म्हणजे काय?"

"आई, आत्ता?"

"आत्ताच. परत वेळ मिळंल न मिळंल. ब्रिक्स म्हणजे काय?"

"रसातली साखर."

"चूक! केमिस्टच्या पोटची असून चूक. ब्रिक्स म्हणजे रसात जे जे विरघळलंय ते सगळं. साखर आली, क्षार आले, काय काय आलं. नवी पोरं कामाला लागली की ब्रिक्सचा आकडा बघून नाचायची. मी म्हणायचो, नाचू नका, त्यातली साखर किती ते वेगळं काढावं लागतंय." एवढं बोलून ती थांबली, श्वास घेतला. "तुझी ही टिकली ब्रिक्स सांगतीय. सहा म्हणती, तर सहाच असंल. त्या सहामधी दुखणं किती, उठून बसायचं कष्ट किती, आणि तू येणार म्हणून जिवाला लागलेली धाकधूक किती, ते वेगळं काढलंस?"

सहा महिन्यांचा एक राग हर्षदाच्या मनात तसाच होता. तो आता बाहेर आला. "मग मी काय करायला हवं होतं? तुला विचारायचं? तुला विचारून काय कळतं, आई? सहा महिने पित्त म्हणालीस तू मला. सहा महिने! मी दर रविवारी विचारत होते. तेव्हा खरं सांगितलं असतंस तर..."

"तर?"

"तर कदाचित..."

"कदाचित," आई म्हणाली. खिडकीबाहेर उसात मोर ओरडला. आईनं चादरीची सुरकुती बोटानं सरळ केली, परत मोडली, परत सरळ केली. "ते चुकलंच माझं, हर्षे. तुझी नोकरी नवी होती, म्हटलं कशाला तुला घोर... न्हाई. तेबी खरं न्हाई. भ्यालो होतो मी. नमुना तपासायला दिला की निकाल येणार, आणि निकाल आला की तो खरा होणार. जन्मभर दुसऱ्यांना सांगितलं, तपासा, तपासा. स्वतःचा नमुना दिला न्हाई."

आईनं कधी चूक कबूल केल्याचं हर्षदाला आठवत नव्हतं. तिनं आईचा हात हातात घेतला. तो फार हलका झाला होता.

"आत्ता कसं वाटतंय?" तिनं विचारलं.

आईचे ओठ सवयीनं हलले. धाड भरली नसल्याचं सांगायला ती निघाली होती, हे दोघींनाही कळलं. मग ती थांबली. "दुखतंय," ती म्हणाली. "इथं, आणि पाठीत. लई दुखतंय, बाई."

हे एवढं ऐकायला हर्षदा वर्षभर तळमळली होती, आणि आता ऐकलं तर ऐकवेना. तिचा हात आपोआप मोबाइलकडे गेला.

"ठेव तो," आई म्हणाली. "मी दुखतंय म्हटलं, औषध दे म्हटलं न्हाई. ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ऐक. चार ते सहा हे दोन तास माझे. तेवढ्यासाठी दुपारपासूनच मर्यादा आठवर. बाकीचा दिवस तू म्हणशील तशी, हवी तर दोनवर ठेव, झोपतो मी. पण चार ते सहा तो मोबाइल रुकय्याच्या टेबलाच्या खणात. तू मला विचारायचंस, मी खरं सांगणार."

"आणि खोटं बोललीस तर?"

"तर रुकय्या आहे की. ती काय मला सोडणार आहे होय?"

डॉक्टरांनीही हरकत घेतली नाही. त्या संध्याकाळपासून मोबाइल खणात जायला लागला.

हे वाचायला सोपं वाटतं, करायला नव्हतं. बोलता बोलता आईचा चेहरा आवळला जायचा, खुर्चीच्या हातावरची बोटं पांढरी पडायची, आणि हर्षदानं नुसतं बघायचं. पहिल्या दिवशी ती तीनदा उठून खणापर्यंत गेली आणि तीनदा परत आली. चौथ्या दिवशी एकदाच गेली. पुढं उठणं थांबलं. कळ आली की आई हात पुढं करायची, हर्षदा तो धरायची, कळ ओसरली की वाक्य जिथं तुटलं होतं तिथून आई पुढं चालू करायची. कधी म्हणायची, "आज बरं आहे, खरंच बरं, रुकय्याला विचार," आणि मग हर्षदाचा दिवस सोन्याचा व्हायचा.

काय बोलल्या दोघी? मोठं असं काही नाही. शेवटच्या गोष्टी बोलायच्या म्हणून कुणी ठरवून बसलं की बोलणं अडतं. ह्या दोघी भांडायच्याच जास्त. लिंबाच्या लोणच्यात साखर केव्हा घालायची ह्यावर एक अख्खी संध्याकाळ गेली. हर्षदाच्या वडिलांनी लग्नाआधी प्रयोगशाळेत येऊन उसाच्या रसाचा खोटाच नमुना कसा तपासायला दिला होता, आणि तो नमुना म्हणजे गुऱ्हाळातून विकत आणलेला, आलं-लिंबू घातलेला प्यायचा रस कसा होता, हे हर्षदाला चाळीस वर्षांची झाल्यावर पहिल्यांदा कळलं. ती इतकी हसली, की रुकय्या दारातून डोकावली. एकदा आई म्हणाली, "मला नेसवताना ती मोरपंखी नेसवू नका. तिचे जरीचे काठ टोचत्यात. त्या वेळी टोचणार न्हाई म्हणा, पण मला आत्ता विचार करूनच टोचायलीय." हर्षदा हसली आणि रडली, दोन्ही एकदम. कुठली साडी हवी ते तिनं नीट विचारून घेतलं. फिकट पिवळी, सुती, काठ बारीक.

असे चौदा दिवस मिळाले.

पंधराव्या दिवशी चारला हर्षदा गेली तेव्हा खुर्ची रिकामी होती. आई पलंगावर होती. रुकय्या हातात कंगवा घेऊन उभी होती, आणि आईनं डोळ्यांनीच तिला नको म्हटलेलं दिसत होतं. साडी पायथ्याशी घडी करून ठेवलेली होती.

हर्षदा पलंगाच्या कडेला बसली. "कसं वाटतंय, आई?"

"आज जमत न्हाई, बाई," आई म्हणाली. आवाज कुजबुजण्याएवढाच होता, पण जीभ साफ होती. दुपारचा डोस तिनं आजही घेतला नव्हता. "लई झालं. आता आण खाली."

"किती?"

"दोनवर. आणि उद्या दुपारी परत वर नको."

सकाळीच डॉक्टर नेर्लेकर हर्षदाशी बोलले होते. आता दुखणं असं वाढलंय, की ते दोनवर ठेवायला जेवढं औषध लागेल तेवढ्यात बाईंना बहुधा जाग येणार नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं. डोसाची परवानगी देऊन ठेवली होती. म्हणजे आता फक्त हर्षदाचं बोट उरलं होतं.

"दोनवर आणलं तर मग..." ती म्हणाली.

"ठाऊक आहे मला. माझं मीच सांगायलोय न्हवं? ह्या वेळी ताप न्हाई मला. सही चालंल."

रुकय्यानं खणातला मोबाइल आणून दिला. एकदा ह्याच बोटानं हर्षदानं आईला न विचारता मर्यादा खाली आणली होती; ते किती सोपं गेलं होतं! आज आईनं सांगितलेलं असूनही बोट उचलवत नव्हतं. तिनं आईकडे पाहिलं. आईनं हळूच मान हलवली. हर्षदानं मर्यादा दोनवर आणली आणि मोबाइल रुकय्याच्या हातात देऊन टाकला. थोड्या वेळानं चादरीखालून पंपाची बारीक टिकटिक ऐकू आली. रुकय्या कंगवा उशाशी ठेवून दार लोटून बाहेर गेली.

औषधाला चढायला दहा-बारा मिनिटं लागत. तेवढी मिनिटं आई जागी असणार होती. बाहेर उसाला पाणी सोडलेलं होतं, कुणीतरी कुणाला तरी पाण्याच्या दांडातून हाका मारत होतं. हर्षदानं आईच्या कपाळावरचे केस बाजूला केले. आईच्या डोळ्यांवर हळूहळू सावट येत होतं, पण नजर लेकीच्या तोंडावरून हलली नव्हती.

"आणि तुला गं?" आईनं विचारलं. "तुला किती दुखतंय?"

मी बरी आहे, माझी काळजी करू नकोस, हे वाक्य हर्षदाच्या ओठांवर तयार होतं. वर्षभर ती ते सगळ्यांना सांगत आली होती, नवऱ्याला, ऑफिसला, आरशालासुद्धा. तिनं तोंड उघडलं आणि ते वाक्य काही बाहेर पडलं नाही.

"खूप, आई," ती म्हणाली. "खूप दुखतंय."

"दुखणारच," आई म्हणाली. "ये. अशी जवळ ये."

आणि लेकीला पलंगावर जागा व्हावी म्हणून, औषध अजून पुरतं चढलेलं नसताना, आई दात आवळून वीतभर सरकली.